पगार झाला की पगार हुई?

मागच्या महिन्यात आठवीच्या उर्दू निबंधाच्या वह्या तपासत होतो. विषय नेहमीचाच, ‘मेरे वालिद’. एका मुलाने लिहिले होते की त्याच्या अब्बांची पगार सात तारखेला होते आणि त्या दिवशी घरात गोश्त शिजते. मी ‘पगार’ हा शब्द तांबड्या शाईने कापला आणि वर ‘तनख्वाह’ लिहिले. निबंधात इतरही चुका होत्या, त्या त्याने निमूटपणे मान्य केल्या. या एकीवर मात्र तो अडला. वही घेऊन टेबलापाशी आला आणि म्हणाला, “सर, हमारे घर में तो पगारच बोलते. तनख्वाह कोई नहीं बोलता.”

“बोलते होंगे. लेकिन पगार उर्दू नहीं है.”

“फिर क्या है? मराठी?”

मी “हां, मराठी” म्हणून त्याला जागेवर पाठवले. पण माझे मलाच ते पटले नाही. त्याच वर्गाला मधल्या सुट्टीनंतर मी मराठी शिकवतो. तिथे ‘पगार’ मी बिनदिक्कत चालवून घेतो हे खरे, पण मुख्याध्यापकांना अर्ज लिहायचा असेल तर ‘वेतन’ लिहा असे मीच सांगतो. म्हणजे उर्दूच्या तासाला हा शब्द मराठी म्हणून बाहेर आणि मराठीच्या तासाला अर्जात शोभत नाही म्हणून बाहेर. आणि भिंगारच्या कुठल्याही गल्लीत, मग ती मुसलमानांची असो, मराठ्यांची असो की बौद्धांची, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त बोलला जाणारा शब्द हाच. मराठीत तो पुरुष आहे, ‘पगार झाला’. आमच्या दखनीत तो बाई आहे, ‘पगार हुई’. घर बदलले की लिंग बदलते, खिशात पडणाऱ्या नोटा त्याच.

त्या रात्री कोश काढून बसलो. आता जे सांगतो ते माझे संशोधन नाही, कोशकारांनी कधीच लिहून ठेवले आहे. मी फक्त उशिरा वाचले.

‘पगार’ हा पोर्तुगीज शब्द आहे. पोर्तुगीजमध्ये ते क्रियापद आहे, अर्थ ‘पैसे देणे, चुकते करणे’. स्पॅनिश आणि कातालानमध्येही हुबेहूब ‘पगार’च. इटालियनमध्ये ‘पगारे’, फ्रेंचमध्ये ‘पेये’. फ्रेंचांकडून तो इंग्रजांनी उचलला आणि त्याचा ‘पे’ झाला. म्हणजे आपली ‘पे स्लिप’ आणि आपला ‘पगार’ ही सख्खी भावंडे आहेत, एक इंग्लंडमार्गे आले आणि एक लिस्बनमार्गे. या सगळ्या भाषांची आई लॅटिन. रोमची भाषा. आपल्याकडे अरबी-फारसीतून रोमला ‘रूम’ म्हणतात, कुरआनातल्या एका सूरेचे नावच ‘अर-रूम’ आहे. विजापूरची प्रसिद्ध मलिक-ए-मैदान तोफ १५४९ साली आपल्या अहमदनगरात ओतली गेली, ती ओतणाऱ्या मुहम्मद बिन हसनच्या नावापुढचे ‘रूमी’ हे त्याच रोमचे, जरी तो माणूस तुर्कांच्या मुलखातला होता. असो, शब्दाकडे येतो.

लॅटिनमध्ये मूळ क्रियापद ‘पाकारे’. ते निघाले ‘पाक्स’ या शब्दापासून आणि ‘पाक्स’ म्हणजे शांतता, सुलह. इंग्रजी ‘पीस’ तिथलाच. तेव्हा ‘पाकारे’चा पहिला अर्थ शांत करणे. सीझरच्या काळचे रोमन तो लढाईच्या भाषेत वापरत, एखादा मुलूख जिंकून थंड केला की तो मुलूख ‘शांत केला’. पुढे साम्राज्याच्या उतरत्या काळात हाच शब्द बाजारात आला. दारात उभ्या राहिलेल्या सावकाराला शांत कसे करायचे? त्याचे देणे देऊन. तसा ‘शांत करणे’चा अर्थ ‘पैसे देणे’ झाला आणि लॅटिनच्या बहुतेक लेकींनी तो पैशाचा अर्थच घरी नेला. एक लेक मात्र वेगळी निघाली. रुमेनियनमध्ये पैसे देण्यासाठी स्लाव्ह लोकांकडून आलेला शब्द आहे, आणि लॅटिनच्या या क्रियापदाचा तिथला वारस ‘अंपका’ आजही समेट करणे, भांडण मिटवणे याच अर्थाने वापरला जातो. म्हणजे थोरल्या घरातली जुनी भांडी एकीने मोडीत घातली नाहीत.

हा शब्द आपल्याकडे कधी आला? नगरकर म्हणून माझा मोह असा की तो निजामशाहीतच आला असे सांगून टाकावे. नगरचा आणि पोर्तुगीजांचा संबंध जुना आहे. चौल हे निजामशाहीचे बंदर. १५२१ साली बुऱ्हाण निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगीजांनी तिथे किल्ल्याचे काम काढले आणि पुढे १५७०-७१ मध्ये मुर्तजा निजामशहाने त्याच चौलला वेढा घातला. बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारात गार्सिया द ऑर्ता नावाचा पोर्तुगीज हकीम येत असे. त्याचे औषधी वनस्पतींवरचे पुस्तक १५६३ साली गोव्यात छापले गेले. त्यात तो आपल्या सुलतानाला ‘निझामोशा’ म्हणतो आणि मोठ्या प्रेमाने सांगतो की सुलतानाने त्याला रोगांची आणि औषधांची अरबी नावे शिकवली आणि त्याने सुलतानाला लॅटिन नावे. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसून होतो. आपल्या इथे, दोन माणसे, एक अरबी देतो आहे आणि एक लॅटिन. याच ऑर्ताची हाडे त्याच्या मृत्यूनंतर १५८० साली इन्क्विझिशनने थडग्यातून उकरून जाळली, कारण तो जन्माने ज्यू घरातला होता आणि आतून ज्यूच राहिला असा त्याच्यावर आरोप होता.

पण मोह बाजूला ठेवतो. दरबारात औषधांची नावे आली म्हणून गल्लीत ‘पगार’ येत नाही. असे शब्द बंदरावर, गोदामात, स्वयंपाकघरात येतात. पाव, बटाटा, साबण, चावी, बादली, घमेले, तुरुंग, लिलाव, काडतूस ही पोर्तुगीज मंडळी पाहा. एकही शब्द पंडिताने आणलेला नाही, सगळे हमालाने, आचाऱ्याने आणि शिपायाने आणले. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत, म्हणजे चिमाजी आप्पांनी घेईपर्यंत, पोर्तुगीजांकडे होती. मुंबई तर त्यांच्याकडूनच इंग्रजांना मिळाली. या पट्ट्यात पोर्तुगीज मालक आणि मराठी बोलणारा नोकर दोनशे वर्षे समोरासमोर उभे होते. मालकाच्या तोंडून ‘पगार, पगार’ ऐकून नोकराने त्यालाच पैशाचे नाव समजले. क्रियापदाचे नाम झाले. गंमत अशी की पोर्तुगीज माणूस आपल्या वेतनाला ‘पगार’ म्हणत नाही, त्याच्याकडे त्यासाठी ‘सालारियु’ वगैरे शब्द आहेत. आपण ‘माझा पगार’ म्हटले तर तो ‘माझे देणे देणे’ असे काहीतरी ऐकेल.

१८८६ साली यूल आणि बर्नेल यांनी ‘हॉब्सन-जॉब्सन’ नावाचा जाडजूड कोश काढला, अँग्लो-इंडियन बोलीतल्या शब्दांचा. त्यात ‘पगार’ मुंबईच्या घरगड्यांच्या बोलीतला शब्द म्हणून नोंदलेला आहे आणि तो पोर्तुगीज क्रियापदावरून आल्याचेही सांगितले आहे. गोव्यातले आसगावचे फादर सेबास्तियांव रोदोल्फु दालगादो यांनी १९१३ साली आशियातल्या भाषांमधल्या पोर्तुगीज शब्दांचा स्वतंत्र ग्रंथच लिहिला. कोकणीत, गुजरातीत, सीमेपलीकडच्या कानडीतही हा शब्द आहे. उत्तरेच्या उर्दू-हिंदीत नाही. तिथे तो मुंबईच्या सिनेमातून कानावर पडतो इतकेच. म्हणून दिल्ली-लखनौची उर्दू शिकलेल्या मला तो गावठी वाटला. त्या मुलाला वाटला नाही, कारण त्याची उर्दू भिंगारची आहे.

मग त्याआधी आपण काय म्हणत होतो? बरेच काही. ‘तनख्वाह’ हा फारसी शब्द, ‘तन’ म्हणजे देह आणि ‘ख्वाह’ म्हणजे मागणारा, देहाला जे हवे ते. मुघल कारभारात रोख पैशाऐवजी एखाद्या परगण्याचा महसूल नावावर लावून देत, त्याला तनख्वाह जागीर म्हणत. मराठीत तो ‘तनखा’ होऊन आला, पण वाट बदलून. इथे तनखा म्हणजे जमिनीवर ठरवलेला सारा, मलिक अंबरच्या जमाबंदीशी जोडलेला शब्द. नंतर संस्थानिकांना सरकार देत होते ते ‘तनखे’, जे १९७१ साली बंद झाले. एकच शब्द, उर्दूत कारकुनाच्या घरी आणि मराठीत राजाच्या घरी. पेशवाईच्या कागदांत शिपायाला मिळतो तो ‘रोजमुरा’. शिवाय ‘मुशाहिरा’, अरबी ‘शहर’ म्हणजे महिना, त्यावरून महिन्याचे ठरलेले पैसे. दरवर्षी एखादा तरी विद्यार्थी मुशाहिरा आणि मुशायरा यांत घोळ घालतो. शायरांचा अनुभव पाहता मुशायऱ्यात मुशाहिरा मिळेलच असे नाही, तेव्हा फरक लक्षात ठेवा, असे मी वर्गात सांगतो. ‘मजूर’ हाही फारसी ‘मुज्द’ म्हणजे मोबदला यावरून, मुजदूर, मजदूर, मजूर.

आता भिंगारबद्दल बोलायचे तर एक गोष्ट टाळता येणार नाही. औरंगजेब ३ मार्च १७०७ रोजी वारला तो इथेच, अहमदनगरच्या छावणीत. भिंगारजवळ आलमगीर म्हणून ओळखली जाणारी जागा आहे, नंतर त्याचा देह खुलदाबादला नेला. त्याचे नाव काढले की आजकाल दोन्हीकडून माणसे बाह्या सरसावून उभी राहतात. मला इथे त्याच्या पाप-पुण्याचा हिशेब मांडायचा नाही, फक्त एका आकड्याबद्दल बोलायचे आहे. हमीदुद्दीन खानाच्या नावावर असलेल्या ‘अहकाम-ए-आलमगीरी’त त्याचे म्हणून एक वसीयतनामा दिला आहे, जदुनाथ सरकारांनी तो इंग्रजीत आणला. त्यात म्हटले आहे की मी शिवलेल्या टोप्यांच्या विक्रीचे चार रुपये दोन आणे शिल्लक आहेत, त्यातून माझे कफन करा. कुरआनाच्या नकला करून मिळालेले ३०५ रुपये आहेत, ते कफनाला न लावता फकिरांना वाटा.

लहानपणी हा किस्सा आमच्या मोहल्ल्यात आम्हाला सादगीची मिसाल म्हणून सांगितला जाई. आज तो वाचताना माझ्या मनात दुसराच आकडा येतो. त्याच सुमारास दख्खनमधल्या त्याच्या फौजेचे पैसे वर्षानुवर्षे थकलेले होते. इतिहासकार हे आवर्जून नोंदवतात. शिपाई कर्ज काढून घोडा पोसत होता. ज्याने स्वतःच्या मेहनतीचे चार रुपये दोन आणे इतक्या काटेकोरपणे वेगळे ठेवले, त्याच्या राज्यात लाखो माणसांच्या मेहनतीचा हिशेब तुंबलेला होता. लॅटिनच्या भाषेत सांगायचे तर त्याने मुलूख ‘शांत’ करण्यात पंचवीस वर्षे घालवली, पण पदरच्या माणसांना ‘शांत’ करणे राहून गेले. मुलूखही शांत झाला नाहीच.

इथे मला दुसऱ्या एका शब्दाची आठवण होते. इंग्रजी ‘सॅलरी’. तोही लॅटिन, ‘साल’ म्हणजे मीठ यावरून. रोमन सैनिकांना पगार म्हणून मीठच देत असत ही सगळीकडे फिरणारी गोष्ट आहे, तिला जुना पुरावा नाही. पण शब्दात मीठ आहे हे खरे. आणि मीठ म्हटले की आपल्याकडची सगळी भाषा आठवते, नमकहलाल, नमकहराम, खाल्ल्या मिठाला जागणे. मिठाच्या भाषेत कर्ज नोकराच्या डोक्यावर असते. मालकाने खाऊ घातले, आता तू फेड. ‘पगार’ची भाषा उलटी आहे. त्यात काम करणारा हा सावकार आहे. त्याने आपला महिना आधीच देऊन टाकला आहे. देणेकरी मालक आहे, आणि दारात उभ्या असलेल्याला शांत करण्याची जबाबदारी त्याची. घामाआधी मजुरी, म्हणजे घाम वाळण्याच्या आत मजुराचे पैसे द्या, ही इब्न माजाने नोंदवलेली हदीस आपण सगळ्यांनी ऐकली आहे. तीही याच बाजूची.

शांतता आणि पैसे यांचे हे नाते फक्त लॅटिनमध्येच आहे असे नाही. अरबी ‘स-ल-म’ धातू घ्या. त्यातून सलाम, सलामत, इस्लाम. त्याच धातूची हिब्रू बहीण ‘श-ल-म’, तिच्यातून ‘शालोम’ म्हणजे शांती, आणि हिब्रूत ‘शिलेम’ म्हणजे पैसे दिले. शरीअतच्या व्यवहारात ‘बै-ए-सलम’ आहे, किंमत आधी पूर्ण मोजायची, माल नंतर. आणि मराठीत? जिल्हा परिषदेत किंवा ग्रामपंचायतीत काम केलेल्या कोणालाही विचारा, ‘तसलमात’ म्हणजे काय. खर्चासाठी आगाऊ उचललेली रक्कम. तिची वेगळी वही असते आणि ती वेळेत मिटवली नाही तर लेखापरीक्षणात आक्षेप निघतो. हा ‘तसलमात’ म्हणजे आपला ‘तस्लीमात’ बरे का. लखनौचा नवाब झुकून तस्लीमात अर्ज करतो, आणि आमचा ग्रामसेवक तसलमात उचलतो. माझ्या मराठीच्या वर्गात मी हे सांगितले तेव्हा मुलांना वाटले सर चेष्टा करतात.

मला हे सगळे इतके का लागले ते सांगतो. बी.एड. झाल्यावर पहिली नोकरी लागली ती दुसऱ्या तालुक्यातल्या एका विनाअनुदानित शाळेत. तिथे ‘पगार’ शब्द कोणी उच्चारत नसे, ‘मानधन’ म्हणत. महिनाअखेरीस एका रजिस्टरवर सही करायची, तिथे आकडा चार हजार असे, आणि हातात पाकीट मिळे त्यात दीड हजार. पहिल्या महिन्यात मी विचारले. संस्थेचे एक जबाबदार गृहस्थ हसून म्हणाले, “सर, हे मानधन आहे. मानाचं मोजायचं नसतं.” स्टाफरूममध्ये आम्ही आमच्या अवस्थेला ‘बिनपगारी, फुल अधिकारी’ म्हणायचो आणि हसायचो. घरी अब्बा, जे आयुष्यभर लष्कराच्या एका डेपोत मजूर होते आणि ज्यांना शाळेची पायरी फारशी माहीत नव्हती, त्यांनी मात्र हसण्यावारी नेले नाही. पाकीट मोजून म्हणाले, “बाकी का कब देंगे?” त्यांच्या हिशेबात बाकी होती. माझ्या हिशेबात ती नव्हती, कारण मी शिकलेला होतो आणि मला शब्द बदलून मिळाला होता.

२००० सालापासून शासनानेही शिक्षणसेवक योजना आणली. तीन वर्षे काम पूर्ण, आणि मिळते ते मानधन. काम करणारा ‘सेवक’ आणि मोबदला ‘मान’. दोन्ही शब्द गोड. आशाताईंना, अंगणवाडीताईंना मिळते तेही मानधनच. मान असेल तर उत्तमच, पण किराणा दुकानदार तो घेत नाही.

दुसऱ्यांकडे बोट दाखवून थांबलो तर बेईमानी होईल. आमच्या मशिदींमध्ये इमाम साहेबांना आणि मुअज्जिनला जे देतात त्याला आपण काय म्हणतो? कुठे ‘हदिया’, कुठे ‘नजराना’. दोन्ही शब्दांचा अर्थ भेट. पाच वेळा नमाज, सकाळ-संध्याकाळ मुलांचा मक्तब, मोहल्ल्यातले निकाह आणि जनाजे, आणि त्याच्या बदल्यात भेट. जुन्या हनफी आलिमांनी कुरआन शिकवण्याची उजरत नाजायज ठरवली होती हे खरे. पण नंतरच्या आलिमांनी ती जायज केली, कारण पैसे नसतील तर शिकवणाराच उरणार नाही हे त्यांना दिसले. शेकडो वर्षांपूर्वी फिक्हने जे मान्य केले ते आमच्या कमिट्यांच्या जिभेवर अजून येत नाही. एका जमातीच्या बैठकीत मी म्हणालो की रजिस्टरमध्ये ‘हदिया’ ऐवजी ‘तनख्वाह’ लिहा आणि तारीख ठरवा. एक बुजुर्ग म्हणाले, “मास्टर, दीन के काम की पगार नहीं होती.” पाहा, नाही म्हणतानाही त्यांच्या तोंडून शब्द तोच आला. कोपऱ्यात बसलेले इमाम साहेब खाली बघत होते. तीन महिन्यांचे द्यायचे राहिले होते.

कुरआनात ‘अज्र’ हा एकच शब्द मजुरीलाही आहे आणि आखिरतच्या बदल्यालाही. हजरत मूसांनी मदयनमध्ये आठ वर्षांच्या कराराने काम केले, ती गोष्ट सूरह कससमध्ये याच धातूने सांगितली आहे. त्या बैठकीत मला हे सुचले नाही. नेहमीप्रमाणे घरी आल्यावर सुचले.

वह्या दुसऱ्या आठवड्यात परत घेतल्या. त्या मुलाच्या वहीत मी कापलेल्या ‘पगार’खाली ठिपके दिले, म्हणजे शब्द कायम, आणि अर्धा गुण परत केला. वर्गाला तनख्वाह, वेतन आणि पगार तिन्ही शब्द फळ्यावर लिहून दाखवले, नकाशावर लिस्बन दाखवले. मुलांना लिस्बनपेक्षा रोनाल्डोच्या देशाचा शब्द आपण बोलतो याचेच जास्त अप्रूप वाटले.

या महिन्याच्या सात तारखेला तो मुलगा गेटपाशी भेटला. मी सहज विचारले, “क्यों, अब्बा की पगार हुई?”

“नहीं सर,” तो म्हणाला, “सेठ दस को बोला.”